साठ किलोंचा मेकॅनिक

ओनोरे शावानच्या कारखान्यात त्या वर्षी एकच काम चाललं होतं, ते म्हणजे भोकं पाडायचं.

झालं असं होतं की शर्यतीच्या गाडीचं वजन हजार किलोंच्या आत हवं, असा नियम निघाला होता. पेट्रोल, पाणी, तेल आणि हत्यारं सोडून हजार. नियम करणाऱ्या साहेबांना वाटलं असणार की गाडी हलकी म्हणजे इंजिन लहान, इंजिन लहान म्हणजे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे माणसं कमी मरतील. कारखानेवाल्यांनी भलताच अर्थ घेतला. त्यांनी इंजिनं होती त्याहून दांडगी केली आणि उरलेल्या गाडीची चाळण करून टाकली.

फ्रान्सच्या ल्यों शहरात, मोंप्लेझीर भागातल्या या कारखान्यात, हे चाळणीचं काम होतं फ्लरीकडे. फ्लरी म्हणजे मिस्त्री. साठी ओलांडलेला, तंबाखूने मिशा पिवळ्या झालेल्या, कानात कापसाचे बोळे. सकाळी सहाला ड्रिल घेऊन तो गाडीभोवती फिरायला लागायचा, आणि त्याची नजर जिथे थांबेल तिथे भोक पडलंच म्हणून समजा. ब्रेकच्या दांड्याला भोकं, पेडलला भोकं, सांगाड्याच्या पट्ट्यांना भोकं. बसायच्या लाकडी बाकाला तर मोजून तीनशे बारा. संध्याकाळी तो खालचा कीस झाडून गोळा करायचा, तागडीत टाकायचा आणि जाहीर करायचा, "आज एकशे चाळीस ग्रॅम." मग सगळे कामगार टोप्या काढायचे. हत्यारं वजनात धरत नाहीत हे ठाऊक असूनही त्याने पान्यांना भोकं पाडली होती, तत्त्व म्हणून. स्वतःच्या लाकडी बुटांनाही पाडली होती, आणि पहिल्याच पावसात मोजे भिजले म्हणून आठवडाभर जगाला शिव्या देत होता.

मालकही काही कमी नव्हते. ओनोरे शावान हा आडवातिडवा, लालबुंद, मोठ्या आवाजाचा माणूस. गाडी तेच चालवणार होते. एका रविवारी त्यांनी बाही सारून लाकडावरचं सगळं वार्निश काचेच्या तुकड्याने खरवडून काढलं, बाकाचं, तळाच्या फळ्यांचं, सगळं. "सहाशे ग्रॅम," ते घाम पुसत म्हणाले. "सहाशे ग्रॅमची नुसती चकाकी. माझ्या गाडीत मेलेलं वजन चालणार नाही."

फेब्रुवारीत गाडी भरली होती एक हजार एकतीस किलो. जूनमध्ये कोळसेवाल्याच्या काट्यावर ती नऊशे अठ्ठ्याण्णव भरली, आणि फ्लरी चक्क रडला.

आता यात आंतेल्म कुठे आला ते सांगतो. आंतेल्म हा इंजिनाचा माणूस. चौतीस वर्षांचा, अबोल, अंगाने इतका काटकुळा की पट्ट्याला त्याने स्वतःच चार जादा भोकं पाडली होती, फ्लरीची मदत न घेता. या गाडीचं इंजिन त्याने वर्षभर जपलं होतं. चार सिलिंडर, एकेकाचं तोंड सुपाच्या पातेल्याएवढं. आठही व्हॉल्व्ह त्याने स्वतःच्या हाताने घासून बसवलेले. इंजिन चालू झालं की तो डोळे मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, "तिसऱ्याला सर्दी झालीय," आणि खोलून पाहिलं की तिसऱ्यातच बिघाड सापडायचा.

शर्यतीत चालकाच्या शेजारी मेकॅनिक बसतो. हाताच्या पंपाने तेल द्यायचं, पेट्रोलच्या टाकीतला दाब राखायचा, मागून कोण येतंय ते बघायचं, टायर फुटला की उडी मारायची. त्या बाकावर आपण बसायचं आणि आपलं इंजिन सहा तास खऱ्या डोंगरात ऐकायचं, एवढ्या एकाच गोष्टीसाठी आंतेल्म जगत होता म्हणा ना. त्याने हे कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं.

मे महिन्यात मालकांनी नियमांच्या कागदाचं मागचं पान वाचलं. त्यावर लिहिलं होतं की चालक आणि मेकॅनिक, प्रत्येकाचं वजन निदान साठ किलो हवं. कमी भरल्यास तेवढं शिसं गाडीला बांधावं लागेल.

आंतेल्मला कोळसेवाल्याच्या काट्यावर चढवलं. चोपन्न.

"सहा किलो शिसं बांधू, त्यात काय," आंतेल्म म्हणाला.

मालकांचा चेहरा असा झाला की जणू त्याने त्यांच्या आईला काहीतरी म्हटलं. "शिसं? या फ्लरीने चार महिने ग्रॅम ग्रॅम करून गाडी पोखरली, ती शिसं बांधायला?"

"पण मालक, साठ किलोंचा माणूस नेला काय आणि चोपन्नचा माणूस अधिक सहा किलो शिसं नेलं काय, गाडीला सारखंच."

"गाडीला सारखं असेल. मला नाही. माणसाचं मांस पंप मारतं, टायर बदलतं. शिसं काय करतं? बसून राहतं. नाही म्हणजे नाही. साठ भरलास तर तू. नाहीतर गास्पार बसेल."

गास्पार हा मालकांचा भाचा. सायकली विकायचा, मिशांना मेण लावायचा आणि तेलाचा पंप व कॉफीची चक्की यातला फरक त्याला समजावून सांगावा लागला असता. पण तो भरायचा एकसष्ट किलो, आणि यात त्याचं कर्तृत्व शून्य होतं. आपलं इंजिन या माणसाच्या हाती द्यायचं या विचाराने आंतेल्मला रात्रीची झोप लागेना, आणि झोप न लागून वजन आणखी अर्धा किलो उतरलं.

मग मालक आंतेल्मला घेऊन रस्ता ओलांडून ब्रिजूआईच्या खानावळीत शिरले. तिला सगळं मोंप्लेझीर आईच म्हणायचं. तिला मूलबाळ नव्हतं, पण ल्योंमध्ये जी बाई चूल सांभाळते ती आपोआप सगळ्यांची आई होते. तरुणपणी ती अकरा वर्षं रेशीम वाळवून तोलायच्या कचेरीत कामाला होती, नंतर चुलीपाशी आली. हात पातेल्याएवढे आणि जीभ सुरीसारखी.

"ब्रिजूआई, हा माणूस सहा आठवड्यांत साठ किलोंचा करून द्या," मालक म्हणाले.

तिने आंतेल्मचा दंड दोन बोटांत धरून पाहिला. "हा? याचा तर रस्सासुद्धा व्हायचा नाही." मग खुर्ची ओढली. "बस लेका. आणि उठायचं मी सांगेन तेव्हा."

त्या दिवसापासून कारखान्यात गाडी उपाशी मरत होती आणि समोरच्या खानावळीत आंतेल्म ठासून भरला जात होता. भोंगा झाला की तो वधस्तंभाकडे निघाल्यासारखा रस्ता ओलांडायचा. पावात भाजलेली जाडजूड सॉसेज, मलईत शिजवलेले बटाटे, माशाचे गुबगुबीत मुटके, तळलेल्या आतड्यांचा थाळीएवढा काप, वर लाल साखरबदामाचा टार्ट. आंतेल्म मुकाट्याने खायचा. पण घास घशाखाली उतरायच्या आत त्याच्या डोळ्यांपुढे तो काटा यायचा, काट्यावर गास्पार यायचा, आणि घासाची माती व्हायची. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं. दर शनिवारी कोळसेवाल्याकडे जाऊन यायचं आणि मान खाली घालून सांगायचं, "सहाशे ग्रॅम." मालकांनी खरवडलेल्या वार्निशएवढंच.

"कुठे जातं रे सगळं?" ब्रिजूआई त्याच्या पाठीमागे बघत विचारायची. "पिशवीत भरून नेत नाहीस ना?"

"नाही हो, आई."

"मग काय पायांतून गळतं?"

तो नीट खातो की नाही हे पाहायला मालक रोज समोर बसायचे. आता नुसतं बसून दुसऱ्याच्या ताटाकडे किती वेळ बघणार? त्यात ल्योंचा माणूस. मालकही आपलं एक ताट मागवायचे, आंतेल्मला धीर यावा म्हणून. "हे बघ, असं खायचं. मजेत," म्हणायचे आणि खाऊन दाखवायचे. आंतेल्मने अर्धं टाकलं तर अन्न वाया कशाला घालवायचं म्हणून तेही उचलायचे. जूनच्या मध्यावर एके दिवशी त्यांनी फ्लरीला सांगितलं, "अरे, स्टिअरिंगचं चाक मला जरा जवळ वाटतंय. दोन बोटं पुढे सरकव." फ्लरीने सरकवलं. कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. सगळ्यांचं लक्ष आंतेल्मच्या वजनावर.

निघायच्या दिवशी आंतेल्म सत्तावन्न होता.

"अजून तीन दिवस आहेत," मालक म्हणाले. "वाटेत खात चल. पण सांगून ठेवतो, काट्यावर काय ते ठरेल. गास्पार कपडे घेऊन येतोय."

शर्यत होती ओव्हेर्न्यच्या डोंगरांत आणि गाड्या तोलायच्या होत्या पायथ्याच्या सेंत-व्हेरान गावात. ब्रिजूआई, फ्लरी आणि गास्पार आगगाडीने गेले, बरोबर तीन टोपल्या खाणं आणि एक ड्रिल. मालक आणि आंतेल्म गाडीनेच निघाले. दोन दिवस पाऊस नुसता कोसळत होता. गाडीला ना टप, ना काच. पाणी डोक्यावरून मानेत, मानेतून पाठीवर आणि बाकाच्या तीनशे बारा भोकांतून खाली. आंतेल्म पंप मारत होता, कान इंजिनाकडे लावून. आणि मालक गात होते. घाटातल्या वळणावर, जिथे शहाणा माणूस पाय उचलतो, तिथे त्यांनी पाय दाबला आणि गळा सोडून बोटवाल्यांचं एक वाह्यात गाणं म्हणायला सुरुवात केली. चारही सिलिंडर एका तालात धडधडत वर चढत होते. आंतेल्मला एकदम रडू आलं. पावसात कोणाला दिसलं नाही. हे सुख सोमवारी शर्यतीत गास्पारच्या वाट्याला जाणार, आणि त्याला ते कळणारही नाही, असं त्याच्या मनात आलं.

शनिवारी पावणेबाराला ते सेंत-व्हेरानच्या चौकात पोहोचले. ऊन पडलं होतं. गुरांच्या बाजाराचा मोठा काटा धुऊनपुसून सजवला होता आणि मागे टेबलाशी तीन पंच बसले होते. गाडीतलं पेट्रोल, पाणी, तेल काढलं आणि गाडी काट्यावर ढकलली.

मोठ्या पंचाने चष्मा सावरला. "एक हजार तीन आणि अर्धा."

मालक हसले. "परत बघा."

त्याने परत पाहिलं. एक हजार तीन आणि अर्धा. "साडेतीन किलो कमी करा आणि दोन वाजता या. माणसंही तेव्हाच तोलू." त्याने घड्याळ पाहिलं, दौत बंद केली आणि तिन्ही पंच गळ्यात रुमाल अडकवतच समोरच्या हॉटेलात गेले. बारा वाजले होते. बारा वाजल्यावर फ्रान्समध्ये कोणी कोणाचं ऐकत नाही.

चौकात जो गोंधळ उडाला तो काय सांगावा. मालक काट्याला शिव्या देत होते, गास्पार काट्याची बाजू घेत होता. फ्लरीने ड्रिल काढलं आणि पांढराफटक होऊन गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. भोक पाडायला जागाच उरली नव्हती. शेवटी तो ब्रेकच्या दांड्यापुढे गुडघ्यांवर बसला, जिथे दोन भोकांमध्ये पोलादाचा बोटभर पट्टा शिल्लक होता.

"तो काढलास तर पहिल्याच उतारावर दांडा हातात येईल," आंतेल्म म्हणाला.

"मग काय करू? माझी मिशी भादरू?"

ब्रिजूआई टोपलीवर बसून हे सगळं बघत होती. ती उठली, बाकापाशी गेली आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज बद्द आला. तिने वाकून लाकडाचा वास घेतला, गादी दाबली, आणि गादीतून पाणी निघून तिच्या मनगटावर ओघळलं.

"गाढवांनो," ती शांतपणे म्हणाली. "गाडी जाड झालेली नाही, भिजलीय."

"लाकूड भिजून साडेतीन किलो?" मालक म्हणाले.

"अकरा वर्षं रेशीम तोललंय मी. पाणी प्यायलेलं रेशीम आम्ही भट्टीत वाळवल्याशिवाय काट्याला लावत नव्हतो. आणि रेशमाला निदान भोकं तरी नसतात. तीनशे बारा भोकं पाडली कोणी? फ्लरीने. वार्निश खरवडलं कोणी? तुम्ही. नागडं लाकूड पावसात दोन दिवस ठेवलंत, ते पिणार नाही तर काय करणार?"

फ्लरीने आपल्या बुटांकडे पाहिलं. त्याला सगळं आठवलं असावं.

पाच मिनिटांत बाक, गादी आणि तळाच्या फळ्या खोलून चौकातल्या बेकरीत नेल्या. बेकरीवाल्याची भट्टी सकाळचे पाव काढून निवत होती. तो आधी नाहीच म्हणत होता. ब्रिजूआईने त्याला सॉसेजचा एक काप खायला दिला आणि मग तो हो म्हणाला. भट्टीचं तोंड अर्धवट उघडं ठेवलं होतं. थोड्या वेळाने आतून वाफ यायला लागली, आणि ओल्या कातड्याचा, इंजिनात घालतात त्या एरंडेलाचा आणि ताज्या पावाचा एक विचित्र वास चौकभर पसरला.

आंतेल्म भट्टीसमोर उभा होता. बेकरीत पिठाचा काटा होता. कोणी बघत नाहीसं पाहून तो त्यावर चढला. सत्तावन्न किलो दोनशे. उतरला आणि पुन्हा वाफेकडे बघत राहिला. गाडीला साडेतीन किलो पाणी जड झालं होतं, आणि आपल्याला पावणेतीन किलो कमी पडतायत. त्याला एकदम आपल्या बुद्धीची लाज वाटली. सहा आठवडे माणूस आतडी आणि मलई खातोय, आणि चौकात नळ आहे.

दोनला दहा मिनिटं कमी असताना त्याने ब्रिजूआईच्या टोपलीतली जाड बुडाची बाटली घेतली आणि नळावर गेला. ल्योंची ती बाटली, अर्ध्या लिटरला थोडी कमी. पहिल्या तीन सहज गेल्या. चौथीला तो थांबला. पाचवीला डोळे मिटले. सहावी आणि सातवी कशी गेली ते त्यालाच ठाऊक. मग तो तोंड पुसून, अगदी सरळ, आतून हिंदकळत काट्यापाशी येऊन उभा राहिला. दहा मिनिटांचाच तर प्रश्न होता.

दोन वाजले. पंच काही आले नाहीत.

बाक वाळून आला, खडखडीत. फ्लरीने तो बसवला. सव्वादोन झाले. हॉटेलाच्या खिडकीतून दिसत होतं की पंच आता कुठे चीजपर्यंत आले होते. आंतेल्मने एक पाय दुसऱ्यावर टेकवला.

"काय रे, गप्प का?" मालकांनी विचारलं.

"काही नाही, मालक."

"चेहरा असा का झालाय तुझा?"

"उन्हाने."

अडीचला पंचांपुढे कॉफी आली. गास्पार उगाच कारंज्यापाशी उभा राहून शीळ घालत होता, आणि कारंज्याचं ते झुळझुळ पाणी ऐकून आंतेल्मच्या कपाळावर घाम फुटला. "गास्पार," तो दात आवळून म्हणाला, "तिथून बाजूला हो." एकेक घामाचा थेंब त्याला महाग वाटत होता. तेवढेही ग्रॅम गळायला नको होते. ब्रिजूआईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"किती?" तिने हळूच विचारलं.

"सात."

"वेडा रे वेडा." तिने टोपलीतून पंखा काढला आणि त्याला वारा घालायला लागली. "वर बघ. डोंगराकडे बघ. कारंज्याकडे नको."

पावणेतीनला मोठा पंच बाहेर आला, ब्रँडीने गाल गुलाबी झालेले. गाडी काट्यावर गेली. पंच वाकला. चौकात कोणी श्वास घेत नव्हतं, आंतेल्म तर मुळीच नाही.

"नऊशे नव्व्याण्णव."

फ्लरीने टोपी हवेत उडवली. तिलाही भोकं होती.

"आता मेकॅनिक. नुसत्या सदऱ्यावर. उभं राहा."

आंतेल्म चढला, भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखा. पंचाने वजन सरकवलं, मागे घेतलं, पुन्हा सरकवलं. दांडी वर-खाली झाली आणि थांबली.

"साठ. बरोब्बर साठ."

मालक त्याला मिठी मारायला धावले आणि ब्रिजूआईने त्यांना मधेच दंडाला धरून अडवलं. "दाबू नका त्याला," ती म्हणाली. "काही केल्या दाबू नका."

"झालं ना माझं?" आंतेल्मने विचारलं. "जाऊ?"

"थांबा. चालकाचं वजन झालं की दोघांनी एकदम सही करायची. मस्यू शावान, या."

मालक छाती काढून काट्यावर चढले. काटा करकरला. पंचाने साठवर वजन ठेवलं, दांडी हललीही नाही. सत्तर. ऐंशी. नव्वद. पंचाने खालून दुसरं वजन मागवलं.

"एकशे चार," तो म्हणाला. "वरची मर्यादा नियमात नाही. चालेल."

चार महिने एका माणसाने ग्रॅम ग्रॅम करून गाडी कुरतडली होती आणि तिच्यावर बसायला हे एकशे चार किलो निघाले होते. सहा आठवड्यांचं ते सगळं खाणं कोणाच्या अंगाला लागलं, हे आता लहान मूलही सांगू शकलं असतं.

"बाकाची सगळी भोकं मिळून नऊशे ग्रॅम झाली होती," फ्लरी हळूच म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती, तो फक्त हिशेब जुळवत होता.

मालक काट्यावरून उतरले. चेहऱ्याचा लाल रंग कुठच्या कुठे गेला होता. वाटेल तेवढे हट्टी असतील, पण वजनाच्या बाबतीत हा माणूस स्वतःशीसुद्धा खोटं बोलायचा नाही. नऊ वर्षं ते या शर्यतीची वाट बघत होते. त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, तो आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"आंतेल्म, मेलेलं वजन मीच आहे रे. गाडी तू चालव. शेजारी गास्पार बसेल. त्रेचाळीस किलो वाचतात. फ्लरीने चार महिन्यांत तेवढे काढले नाहीत."

गास्पार मटकन टोपलीवर बसला. सगळे आंतेल्मकडे बघायला लागले. असा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदा येतो, आणि आंतेल्मच्या आयुष्यात तो नेमका त्या वेळी आला.

"मालक," तो पांढरा पडून म्हणाला, "दोनच मिनिटं."

आणि तो बेकरीच्या मागच्या भिंतीकडे जे पळाला, ते त्या काटकुळ्या पायांना एवढा वेग असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

दोन मिनिटांत काही झालं नाही. तिथे उभं राहून विचार करायला त्याला भरपूर वेळ मिळाला. मोंप्लेझीरच्या रस्त्यावर त्याने ही गाडी पुष्कळदा चालवली होती. हातात चाक असलं की कान रस्त्याकडे जातात, इंजिनाकडे नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि वळणावर त्याचा पाय आपसूक वर यायचा. इंजिन जपणाऱ्या माणसाचा यायचाच. ज्या चढावर त्याला परवा रडू आलं होतं, तिथे पाय दाबणारा माणूस दुसरा होता. त्याला चाक नकोच होतं. त्याला तो बाक हवा होता, आणि शेजारी तो माणूस.

तो परत आला, पट्टा दोन भोकं आत ओढून. मालक तसेच उभे होते, हातात टोपी धरून.

"चाक नको मला," आंतेल्म म्हणाला. "तुम्हीच चालवा. मी ऐकतो."

"वेडा आहेस का? त्रेचाळीस किलो."

"ओढेल ती. मी बांधलीय."

"मेलेलं वजन..."

"शिसं गात नाही, मालक," आंतेल्म म्हणाला. एवढं ठामपणे त्याने अख्ख्या वर्षात मालकांना काही ऐकवलं नव्हतं. मग त्याने पंचापुढची दौत ओढली, आधी स्वतःची सही केली आणि लेखणी त्यांच्या हातात दिली. मालकांनी सही केली तेव्हा कागदावर शाईचा मोठा डाग पडला. त्यांचे डोळे भरले होते, दुसरं काही कारण नव्हतं.

त्या दुपारी बेकरीवाल्याच्या अंगणात ब्रिजूआईने तिन्ही टोपल्या उघडल्या. आंतेल्म बसला आणि पहिल्या घासालाच त्याच्या लक्षात आलं की बटाट्यांना चव आहे. सहा आठवड्यांत हे त्याला कळलं नव्हतं. एक ताट झालं, दुसरं झालं, तिसऱ्यालाही तो थांबेना. मालकांनी आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि स्वतःसाठी वाटीभर पातळ सूप मागितलं. ब्रिजूआईने एकदा या दोघांकडे पाहिलं आणि बटाट्यांचं दुसरं भांडं आणायला आत गेली.